घटस्फोट हा एक खटला नसतो

घटस्फोटाचा विचार पक्का झाला की माणूस पहिली चौकशी करतो ती वकिलाची. त्यातही मनातून शोध असतो तो ‘जोरदार’ वकिलाचा. अपमान ताजा असतो, घरात रोज नवा शब्द पडत असतो, आणि आपल्या वतीने कोणीतरी भांडावे अशी इच्छा होणे अगदी स्वाभाविक आहे. पण या इच्छेखाली एक समजूत दडलेली असते: घटस्फोट म्हणजे एक खटला, त्याचा एक निकाल, एक जिंकणारा आणि एक हरणारा. भारतातला कायदा तसा नाही. नाते संपवायचे की नाही, दरमहा खर्चाचे काय, मुले कोणाकडे, राहायचे कुठे आणि कोणती वस्तू कोणाची, हे त्याच्या लेखी पाच निराळे प्रश्न आहेत. त्यांची कलमे निराळी, पुराव्याची कसोटी निराळी, कित्येकदा कोर्टही निराळे. काही प्रश्नांचा निकाल कायमचा असतो, तर काहींचा परिस्थिती बदलली की पुन्हा उघडतो. वकिलाची खरी पारख इथेच होते. जो हे पाच प्रश्न सुटे करून समोर मांडतो तो कामाचा. जो त्यांचा एकच गुंता करून ‘बघू, कसे नमत नाहीत ते’ म्हणतो, त्याच्याकडे वर्षे आणि पैसे दोन्ही जातात.

सगळ्यात आधी कोणता कायदा लागू होतो ते पाहावे लागते. हिंदू विवाह कायदा १९५५ हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. विशेष विवाह कायदा १९५४ खाली नोटीस देऊन लग्न केलेल्यांना त्या कायद्यातली कलमे लागतात. इथे एक घोटाळा नेहमी होतो. विधिवत लग्न करून नंतर त्याची केवळ नोंदणी केली, तर ते आपोआप विशेष विवाह कायद्याखालचे लग्न होत नाही. लोक मात्र दोन्हींना ‘कोर्ट मॅरेज’च म्हणतात. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ चा कायदा आहे आणि त्यात परस्पर संमतीची तरतूद थेट २००१ मध्ये आली. पारशांसाठी १९३६ चा कायदा असून त्यांच्या वैवाहिक न्यायालयात समाजातले प्रतिनिधी आजही न्यायाधीशाबरोबर बसतात. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याने कोर्टातून विवाहविच्छेद मागता येतो, आणि एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ पासून गुन्हा आहे. राहिला तो शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर लिहिलेला फारकतनामा. गावोगावी तो अजून चालतो, पण हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न त्याने संपत नाही. कलम २९ ने रूढीने चालत आलेला घटस्फोट शाबूत ठेवला आहे हे खरे. मात्र अशी रूढी आपल्या जातीत आहे हे कोर्टात नुसते सांगून भागत नाही, ती सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बजावले. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेल्याला पुढे पोटगी, वारसा आणि द्विभार्या प्रतिबंध ही सगळी कलमे एकदम भेटायला येतात.

पहिला प्रश्न नात्याचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये क्रूरता, व्यभिचार, सलग दोन वर्षे टाकून जाणे, धर्मांतर, बरा न होणारा मनोविकार अशी कारणे आहेत आणि त्यांतले एखादे सिद्ध करावे लागते. लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत अर्जच करता येत नाही. असाधारण हालअपेष्टा असतील तरच कोर्ट सवलत देते. व्यवहारात बहुतेक भांडणांचे अर्ज क्रूरतेच्या नावाने होतात आणि या विषयावरचा पायाभूत निकाल पुण्याच्या एका प्रकरणातून आला. ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ हा दावा १९६२ मध्ये पुण्यात दाखल झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो १९७५ मध्ये निकाली काढला. निकालपत्र न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचे आहे. त्यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा इथे लागत नाही. कोणाचे म्हणणे अधिक संभाव्य आहे एवढे पुरते. दोन, क्रूरता सिद्ध होऊनही तिच्यानंतर दोघे नवरा-बायको म्हणून राहिले असतील, तर ती माफ केली असे धरता येते. त्या प्रकरणात नेमके तेच घडले. पत्नीची क्रूरता शाबीत झाली आणि तरीही पतीचा अर्ज फेटाळला गेला. तेरा वर्षे, चार पायऱ्यांची कोर्टे आणि शेवटी लग्न कायम. ‘पुरावा भक्कम आहे, केस आपलीच’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या वकिलाला हा निकाल आठवून पाहावा असे सुचवावेसे वाटते.

पुराव्याबद्दल हल्ली सगळ्यांत जास्त विचारले जाते ते मोबाइलविषयी. जोडीदाराच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केले. परंतु ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि मूळ उपकरण जपलेले असले म्हणजे काम सोपे जाते. छापलेल्या स्क्रीनशॉटांचा गठ्ठा तेवढ्यावर टिकत नाही. व्यभिचाराबाबतही गल्लत होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा राहू दिला नाही, पण घटस्फोटाचे कारण म्हणून तो जसाच्या तसा उभा आहे.

इथे वकिलांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. कारण सिद्ध करा, मगच सुटका, अशी कायद्याची घडण असल्यामुळे अर्जात आरोप लिहावेच लागतात, आणि ‘आमचे जमत नाही’ हे कितीही खरे असले तरी कलम १३ मध्ये त्याला जागा नाही. लग्न सावरण्यापलीकडे मोडले आहे हे स्वतंत्र कारण असावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ च्या ७१ व्या अहवालात केली आणि २००९ मध्ये ती पुन्हा केली. २०१३ मध्ये राज्यसभेने तसे विधेयक मंजूरही केले. ते पुढे सरकले नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली या कारणावर आपण घटस्फोट देऊ शकतो असे ठरवले, पण तो अधिकार फक्त त्या न्यायालयाचा आहे, आणि कोणाला तो हक्काने मागता येत नाही. वांद्र्याच्या किंवा शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात तो युक्तिवाद चालत नाही. सारांश, खालच्या कोर्टात मुख्यतः दोनच वाटा उरतात: आरोप सिद्ध करणे, नाहीतर संमती.

संमतीची वाट १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३-ब मधून जाते. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. वेगळे राहणे म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणे, त्यामुळे एकाच छपराखालीही ते घडू शकते. मुंबईसारख्या शहरात, जिथे दुसरे भाड्याचे घर परवडत नाही, तिथे हा खुलासा फार मोलाचा आहे. अर्जानंतर सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा कोर्टात येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे. २०१७ मध्ये ‘अमरदीप सिंग’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे सहा महिने अटळ नाहीत: वेगळे राहून दीड वर्ष उलटले असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी व मुलांचा प्रश्न मिटला असेल, तर कोर्ट ते माफ करू शकते. मात्र शेवटच्या तारखेपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, हे १९९१ पासून ठरलेले आहे. म्हणून फ्लॅटचा ताबा आधी द्यायचा की रक्कम आधी, पहिला हप्ता पहिल्या तारखेला की दुसऱ्या, हे तडजोडीत कसे लिहिले आहे त्याला फार महत्त्व येते. या ठिकाणी वकिलाचा आवाज काही कामाचा नसतो. उपयोगी पडतो तो त्याचा मसुदा.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि तो पहिल्यापासून किती वेगळा आहे हे अलीकडच्या दोन निकालांवरून दिसते. नांदायला ये असा कलम ९ खालचा हुकूम पतीने मिळवला आणि पत्नी गेली नाही, तर तिची पोटगी बुडते असे सर्रास सांगितले जाई. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले: न जाण्याला सबळ कारण असेल, तर हुकूम असूनही पोटगी मिळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी पुढचे पाऊल टाकले. लग्नच रद्दबातल ठरले तरी कलम २५ खाली कायमची पोटगी देता येते असे त्यांनी सांगितले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००४ मध्ये अशा स्त्रीसाठी वापरलेली भाषा स्त्रीद्वेषी असल्याचेही सुनावले. म्हणजे नात्याचा दावा ‘जिंकणारा’ पती पैशाच्या दाव्यात हरू शकतो, आणि याच्या उलटही होते. हिंदू विवाह कायद्यात पोटगी मागायची मुभा पतीलाही आहे, हे अनेकांना माहीत नसते. पत्नी कमावती आहे एवढ्याने तिची पोटगी आपोआप नाकारली जात नाही. दोघांच्या उत्पन्नातले अंतर आणि लग्नातले राहणीमान पाहिले जाते.

पोटगीचा आकडा वकिलाच्या वक्तृत्वावर ठरण्याचे दिवस बऱ्याच अंशी संपले, याचे श्रेय नोव्हेंबर २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालाला जाते. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून वर गेले होते. तेव्हापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्जे, खर्च यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. एकाच मागणीसाठी कौटुंबिक हिंसाचार कायदा, हिंदू विवाह कायदा आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचे पूर्वीचे कलम १२५, म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, अशा तीन ठिकाणी अर्ज टाकता येतात. पण एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी उघड करावी लागते आणि ती वळती होते. तिहेरी अर्जांनी तिहेरी पोटगी मिळत नाही, वकिलाची फी मात्र तिहेरी लागू शकते. पहिल्या भेटीत जो वकील पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रे, बँकेचे उतारे, कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शाळेची फी मागतो, त्याला हा निकाल कळलेला आहे असे समजावे.

मुलांच्या बाबतीत तर जिंकण्या-हरण्याची भाषा मुळातच गैरलागू आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे असावे; त्यापुढे मुलाचे हित हीच एक कसोटी. आई-बापांपैकी कोण कोणाशी कसे वागले हे त्या हिताच्या संदर्भापुरतेच पाहिले जाते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खालचे आदेश कोर्ट पुढेही बदलू शकते, त्यामुळे ‘ताबा मिळाला’ म्हणजे विषय मिटला असे होत नाही. शाळा बदलली, बदली झाली, मुलाने स्वतः काही सांगितले, की प्रश्न पुन्हा उभा राहतो. मुलाला हत्यार करणाऱ्या पालकाबद्दल न्यायाधीशाचे मत काय होते, हे अनुभवी वकील पक्षकाराला खासगीत सांगतो. कच्चा वकील त्याच हत्याराला धार लावून देतो.

घर आणि मालमत्ता हा सर्वांत गैरसमजांचा भाग. घटस्फोट झाला की बायकोला नवऱ्याची निम्मी मालमत्ता मिळते, ही समजूत चित्रपटांनी आणि परदेशी बातम्यांनी पसरवली असावी. हिंदू विवाह कायद्यात अशी तरतूद नाही. ज्याच्या नावावर आहे त्याचे, असाच इथला नियम आहे; संयुक्त नावावर असेल तर ज्याचा त्याचा हिस्सा. अपवाद आपल्या शेजारी आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असल्याने, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि विभक्त होताना प्रत्येकाचा निम्मा वाटा निघतो. सावंतवाडीचा नियम पेडण्यात लागत नाही. इकडे महाराष्ट्रात स्त्रीच्या हाती ठोस असे दोन हक्क येतात. एक स्त्रीधन, म्हणजे लग्नाआधी, लग्नात आणि नंतर तिला मिळालेले दागिने-वस्तू. ते सासरी ठेवले असले तरी तिचेच, हे १९८५ पासून पक्के आहे. दुसरा, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घरात राहण्याचा हक्क. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी तो लागू होऊ शकतो, असे २०२० मध्ये ठरले. मात्र राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. तडजोडीत फ्लॅट एकाच्या नावे करायचा ठरला, तर दोन किरकोळ वाटणाऱ्या बाबी लाखांच्या ठरतात. गृहकर्जात दोघे सहकर्जदार असतील तर कोर्टाच्या हुकूमनाम्याने बँक बांधली जात नाही. बँकेकडून नाव वेगळे कमी करून घ्यावे लागते. आणि पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे, पण ती नाते कायम असेपर्यंतच. हुकूमनामा आधी आणि दस्त नंतर, असा क्रम लावणारा वकील अशिलाचे नुकसान करतो, आणि अशिलाला ते कळतही नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो. हे प्रश्न कागदावर वेगळे असतील, पण व्यवहारात एकाचा दाब दुसऱ्यावर देऊनच माणसे नमतात; फौजदारी तक्रार झाली की पोटगीचा आकडा वाढतो, मुलाची भेट अडवली की फ्लॅटवरचा दावा सुटतो. मग जोरदार वकील चुकीचा कसा? दाब कधीकधी चालतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचा हिशेब पूर्ण मांडावा. २०१४ च्या ‘अर्नेश कुमार’ निकालानंतर पत्नीच्या छळाविरुद्धच्या कलम ४९८-अ च्या, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ च्या तक्रारीवर सरसकट अटक होत नाही, त्यामुळे धाकाची धार कमी झाली आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितले की जाणूनबुजून केलेली खोटी फौजदारी तक्रार हीच क्रूरता ठरते. म्हणजे दाबासाठी टाकलेला दावा समोरच्याला घटस्फोटाचे आयते कारण पुरवतो. शिवाय तडजोड झाल्यावर तो गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतोच. मारहाण खरीच झाली असेल तेव्हा मात्र तक्रार करायलाच हवी, आणि ती दाबासाठी नव्हे, संरक्षणासाठी. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, ज्यात पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तरीही संरक्षणाचा अंतरिम आदेश लवकर मिळू शकतो, आणि हिंसेतून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला आधी तोच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संमती, मसुदा, हिशेब ही भाषा बरोबरीच्या दोघांसाठी ठीक. पण ज्या बाईला माहेरी थारा नाही आणि हातात पैसा नाही, ती ‘संमती’ने काय काय सोडून देते हे कोण पाहणार? ही भीती खरी आहे. ‘भविष्यात पोटगी मागणार नाही’ या एका ओळीवर असंख्य सह्या झालेल्या आहेत. पण नेमकी इथेच प्रश्न सुटे ठेवणारी दृष्टी दुबळ्या बाजूच्या कामी येते. पोटगीचा वैधानिक हक्क असा सोडून देण्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. मुलाची पोटगी तर मुलाची असते, ती आईने सोडून देण्याचा प्रश्नच येत नाही. संमती मोकळेपणाने दिली आहे की नाही हे तपासणे न्यायाधीशाचे काम आहे, आणि महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत त्याआधी विवाह समुपदेशकाची पायरी असते. जोरदार वकील करायला पैसा लागतो, आणि तो बहुधा दुसऱ्या बाजूकडे असतो, हेही विसरू नये.

वकील न करताच अर्ज चालवता येईल का, असेही विचारले जाते. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १३ प्रमाणे पक्षकाराला वकील देण्याचा हक्कच नाही. कोर्टाची परवानगी लागते. भांडणापेक्षा समेटाला वाव मिळावा, हा त्यामागचा हेतू. पुणे आणि मुंबईत ही न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाल्यावर काही काळ वकिलांना खरोखर बाहेर ठेवण्याचा कल होता; मग १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने योग्य प्रकरणांत परवानगी द्यावी असे सांगितले, आणि आज ती सहसा मिळते. सरळ संमतीचा, मुले नसलेला आणि मालमत्ता नसलेला अर्ज दोघांनी मिळून स्वतः चालवणे अशक्य नाही. उलटतपास घ्यायची वेळ आली की मात्र स्वतःचा वकील स्वतः होणे अंगाशी येते.

मग वकील शोधायचा कुठे? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करता येत नाही. म्हणून इंटरनेटवर ‘शहरातले सर्वोत्तम घटस्फोट वकील’ अशी यादी दिसली की त्यातले तारे कोणी लावले हा प्रश्न पडायला हवा. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा संकेतस्थळांवर कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलेही. भरवशाची वाट जुनीच आहे. अर्ज ज्या कोर्टात चालणार तिथे रोज उभा राहणारा वकील शोधावा. लग्न जिथे झाले, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा समोरची व्यक्ती जिथे राहते तिथे अर्ज करता येतो. पत्नी अर्जदार असेल तर २००३ पासून ती जिथे राहते तिथेही. कौटुंबिक न्यायालय नसलेल्या तालुक्या-जिल्ह्यांत हे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. सातारच्या माणसाने मुंबईतला नामांकित वकील केला तर तो दर तारखेला येत नाही, कनिष्ठाला पाठवतो आणि पुढची तारीख मागतो. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. फुकटचा वकील लक्ष देत नाही, अशी तक्रार असते, आणि ती काही वेळा रास्त असते. तशी फी घेऊन लक्ष न देणाऱ्यांबद्दलही असते.

पहिल्या भेटीत वकिलाला विचारायचे प्रश्न वरच्या विवेचनातूनच निघतात: या पाचांपैकी कोणते प्रश्न आमच्यात खरे वादाचे आहेत, त्यांतले किती एकाच कोर्टात मांडता येतील, अंतरिम काय मिळू शकते, आणि दुसरी बाजू काय म्हणेल. शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही त्याने तयारी केलेली नाही. निकालाची हमी देणाऱ्याकडून उठून यावे. मिळणाऱ्या पोटगीतला टक्का फी म्हणून मागणे तर नियमानेच निषिद्ध आहे. फी टप्प्यांनी ठरवून लिहून घ्यावी आणि पावती मागण्यात संकोच करू नये. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे, अर्जाची आणि कैफियतीची प्रत स्वतःकडे ठेवावी. ई-कोर्ट्स संकेतस्थळावर दाव्याचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि बऱ्याचदा रोजनामाही घरबसल्या दिसतो. ‘साहेब रजेवर होते’ हे खरे होते की नाही तेवढे त्यावरून कळते. वकील बदलायचा झाला तर जुन्याकडून ना-हरकत घेण्याची पद्धत आहे, पण फी थकली म्हणून तो तुमची कागदपत्रे अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवले आहे. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे जाते. ग्राहक आयोगात मात्र ती चालत नाही. मे २०२४ च्या निकालाने तो दरवाजा बंद झाला.

परदेशातल्या मराठी जोडप्यांसाठी एक स्वतंत्र सावधगिरी. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली इथे झालेले असेल आणि तिकडच्या कोर्टाने ‘मतभेद मिटण्यासारखे नाहीत’ एवढ्यावर एकतर्फी हुकूम दिला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालाप्रमाणे तो भारतात मान्य होईलच असे नाही. दोघांनी त्या कोर्टाचा अधिकार मोकळेपणाने मान्य केलेला हवा किंवा कारण इथल्या कायद्यात बसणारे हवे. नाहीतर माणूस न्यू जर्सीत घटस्फोटित आणि नाशकात विवाहित राहतो.

हुकूमनामा हातात आला तरी वकिलाचे काम संपलेले नसते. वाद लढून मिळालेल्या घटस्फोटात अपिलाची मुदत संपेपर्यंत पुनर्विवाह करता येत नाही. संमतीच्या हुकुमावर कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली अपीलच नसते. पोटगी थकली तर वसुलीसाठी वेगळी दरखास्त दाखल करावी लागते, तिची वेगळी नोटीस निघते, वेगळ्या तारखा पडतात. ती दरखास्त कोण चालवणार आणि किती फीत, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवलेले बरे.